व्हिटियर बुलेवार्डच्या बुटक्या गाड्या

नमस्कार श्रोतेहो.

लॉस एंजेलिसमधून पूर्वेकडे नदी ओलांडली की बॉइल हाइट्स लागतं आणि त्याला लागून ईस्ट लॉस एंजेलिस. नावात शहर असलं तरी ही वस्ती महापालिकेच्या हद्दीत येत नाही. तिचा कारभार काउंटीकडे, म्हणजे जिल्हा प्रशासनाकडे आहे आणि बंदोबस्ताला शेरीफची, म्हणजे काउंटीच्या पोलिसांची माणसं असतात. मेक्सिकन वंशाच्या कामगारांची ही वस्ती. त्यांचे आजे-पणजे रेल्वेच्या रुळांवर, वीटभट्ट्यांवर, फळबागांत राबले. पुढची पिढी मोटारींच्या आणि पोलादाच्या कारखान्यांत गेली. जवळच साउथ गेटला जनरल मोटर्सचा कारखाना १९३६ पासून १९८२ पर्यंत चालला. १९६०च्या दशकात इथल्या तरुणांनी स्वतःला ठासून 'चिकानो', म्हणजे मेक्सिकन वंशाचे अमेरिकन, म्हणायला सुरुवात केली. मार्च १९६८ मध्ये इथल्या शाळांमधली मुलं चांगल्या शिक्षणाची मागणी घेऊन वर्ग सोडून रस्त्यावर उतरली. वस्ती ती हीच.

चिकानो वस्तीचा विषय निघाला की बहुतेक जण टोळ्यांपासून सुरुवात करतात. टोळ्या होत्या आणि आहेत. त्यांत पोरं गेली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच गल्ल्यांत, घराच्या मागच्या अंगणात, पत्र्याच्या शेडखाली दुसरंही काही चालू असतं आणि त्याविषयी तपशिलात कुणी फारसं बोलत नाही. ते म्हणजे लोरायडर. जमिनीला टेकेल इतकी खाली आणलेली, आरशासारखी रंगवलेली आणि मुद्दाम चालत्या माणसाच्या वेगाने हाकलेली जुनी मोटार. ज्या घरात लोरायडर असते त्या घरातलं मूल वेल्डिंग, रंगकाम, वीजजोडणी आणि हिशेब हे सगळं हाताखाली राहून शिकतं. आज बोलायचं आहे ते या कामाबद्दल.

सुरुवात गरिबीतून झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे जुन्या शेवरोलेट स्वस्तात मिळायच्या. गाडी खाली बसावी म्हणून डिकीत वाळूची पोती किंवा विटा ठेवायच्या. पुढे कुणी स्प्रिंगचे वेढे कापू लागलं. त्यात गोम अशी की स्प्रिंग कापली की ती आखूड होते आणि कडकही होते. खड्ड्यात अॅक्सल चासीवर आदळतो आणि काही महिन्यांत शॉकॲब्सॉर्बर निकामी होतात. गाडी कायमची खाली राहते ते वेगळंच. हा तो काळ, जेव्हा सैलसर सूट घालणाऱ्या मेक्सिकन पोरांना जून १९४३ मध्ये नौसैनिकांनी रस्त्यात गाठून मारलं, त्यांचे कपडे फाडले आणि अटक बहुतेक मार खाणाऱ्यांनाच झाली. त्यामुळे नटूनथटून, सावकाश, सगळ्यांना दिसेल असं रस्त्यावरून जाणं या वस्तीत कधीच नुसती हौस नव्हती.

पोराच्या हातात पहिल्यांदा येते ती सायकल. शिकागोच्या श्विन कंपनीने १९६३ मध्ये 'स्टिंग-रे' नावाची सायकल काढली. २० इंची चाकं, केळ्याच्या आकाराची लांब सीट आणि खांद्यापर्यंत येणारं उंच हँडल. ही कल्पना कंपनीने दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांकडूनच उचलली होती. ती आधीपासून अशी जोडजोड करत होती. आज लोरायडर सायकलचा पाया तीच फ्रेम किंवा तिची नक्कल असते.

या सायकलवर जे शिकायचं ते पुढे गाडीवर जसंच्या तसं उपयोगी पडतं. फ्रेमच्या नळ्यांमधली मोकळी जागा पत्र्याने बुजवून 'टँक' करायचा. आधी पुठ्ठ्याचा साचा कापायचा, मग १८ गेजच्या पत्र्यावर आखून घ्यायचा. वेल्डिंग सलग करायचं नाही. एक टाका इथे, दुसरा समोरच्या टोकाला, मधे गार होऊ द्यायचं. सलग ओढलं तर पातळ पत्रा तापून लाटेसारखा वाकतो आणि मग तो सरळ करण्यापेक्षा नवा कापलेला बरा. त्यावर पुट्टी. पुट्टीत तिला घट्ट करणारा हार्डनर वजनाने साधारण २ टक्के. कमी पडला तर पुट्टी चिकट राहते. घाई म्हणून जास्त घातला तर तो आठवड्या-दोन आठवड्यांनी रंगातून डाग होऊन वर येतो आणि पोराला वाटतं रंगच खराब होता. पुट्टीचा थर घासून झाल्यावर ३ मिलिमीटरच्या आत राहायला हवा. पत्रा नीट ठोकला नाही म्हणून पुट्टी जाड भरली, की सायकल एकदा आपटताच ती तडकते.

फोर्क वाकवून पुढचं चाक लांब नेलं की फ्रेम खाली बसते. दिसायला छान, पण पेडलही तितकंच खाली येतं आणि वळणावर जमिनीला घासतं. म्हणून क्रँक आखूड लावतात. साध्या चाकाला २८ किंवा ३६ आरे असतात. इथे ७२ नाहीतर १४४. इतके आरे एकसारखे ताणून चाक डगमगू न देता बसवायचं म्हणजे पूर्ण शनिवार जातो. चौकोनी सळई तापवून पीळ दिलेली हँडलं आणि टेकू हे या सायकलचं खास लक्षण. त्यांना क्रोम चढवण्याआधी पिळाच्या खाचा हाताने घासाव्या लागतात, कारण क्रोम काहीच झाकत नाही. खालचा प्रत्येक ओरखडा तो दुप्पट दाखवतो.

आता रंग. हा विषय थोडा लांबवतो, कारण लोरायडर ओळखली जाते ती रंगावरून. नेहमीचा रंग पत्रा झाकतो. लोरायडरवरचा 'कँडी' रंग पारदर्शक असतो. खाली चंदेरी किंवा सोनेरी धातूचा थर, त्यावर कँडीचे पाच-सहा हात आणि सगळ्यावर क्लिअर, म्हणजे बिनरंगी चकचकीत थर. ऊन कँडीतून आत जातं, धातूच्या थरावर आपटून परत येतं, म्हणून रंगाला खोली दिसते. अडचणही याच गुणात आहे. प्रत्येक हाताबरोबर रंग गडद होत जातो. दारावर पाच हात बसले आणि बॉनेटवर सहा, तर उन्हात दोन वेगळ्या गाड्या जोडल्यासारख्या दिसतात. म्हणून जाणते रंगारी आधी पत्र्याच्या पट्टीवर तीन, चार, पाच, सहा हातांचे नमुने मारून घेतात, हवी ती छटा ठरवतात आणि मग प्रत्येक भागावर हात मोजून मारतात.

रंग फवारायची गन पत्र्यापासून वीतभर अंतरावर, कायम समांतर. नेहमीच्या रंगात प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवतात. कँडीत पाऊण चढवावा लागतो. हात मधेच रेंगाळला, मनगट वळलं, की गडद पट्टे उमटतात आणि ते झाकायला वरून आणखी कँडी मारली तर प्रकरण जास्तच बिघडतं. तिथे थांबायचं, वाळू द्यायचं, घासायचं आणि धातूच्या थरापासून पुन्हा सुरू करायचं. गाडीत चमकी घालायची असेल तर आणखी एक नियम आहे. चमकीच्या कणांचा रंग वरवरचाच असतो. त्यांवर थेट सँडपेपर चालवला तर कणांचा रंग जाऊन खालचं रुपेरी अंग उघडं पडतं. म्हणून आधी क्लिअरचे चार-पाच हात देऊन चमकी पुरती बुडवायची आणि मगच घासायचं.

घासणं हे पोरांचं काम. ६००चा पाण्याचा पेपर, मग १०००, १५०० आणि २०००. बोटांनी दाबून घासलं तर बोटांच्या खुणा खोबणींसारख्या उमटतात, म्हणून रबराचा ठोकळा हवाच. कडेला रंग सर्वांत पातळ असतो, म्हणून सगळ्या कडांवर चिकटपट्टी लावून ठेवायची आणि त्या शेवटी, हलक्या हाताने घ्यायच्या. तीन मिलिमीटरच्या बारीक पट्टीने नक्षी आखणं, लेसचं कापड ताणून त्यावरून रंग मारणं, केसांच्या लांब कुंचल्याने एका दमात रेघ ओढणं ही पुढची पायरी. या कामाचं शिखर म्हणजे इंपीरियल्स या लोरायडर क्लबचे जेसी वालादेस यांची १९६४ची शेवरोलेट इंपाला, 'जिप्सी रोझ'. गुलाबी गाडी, अंगभर हाताने रंगवलेले गुलाब. ही गाडी १९७०च्या दशकात एका दूरचित्रवाणी मालिकेच्या सुरुवातीला ईस्ट लॉस एंजेलिसच्या व्हिटियर बुलेवार्ड या रस्त्यावरून जाताना देशभर दिसली आणि २०१७ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर काचेच्या पेटीत मांडली गेली. कामगार वस्तीतल्या कारागिरीला मिळालेला तो मान अगदी रास्त होता.

इंपालाच का, हे सांगायला हवं. १९५८ पासून मोठ्या शेवरोलेटमध्ये पुढे-मागे चारही चाकांवर गुंडाळीच्या स्प्रिंगा आल्या. पाट्यांच्या स्प्रिंगांपेक्षा तिथे हायड्रॉलिकचा, म्हणजे तेलाच्या दाबाने गाडी वर-खाली करणाऱ्या यंत्रणेचा सिलिंडर सहज बसतो. शिवाय १९६४ पर्यंतच्या चासीचा आकार इंग्रजी एक्ससारखा आहे. मधे अरुंद आणि बाजूला आधाराच्या तुळया नाहीत, त्यामुळे गाडी खूप खाली बसू शकते. पण तीच चासी हायड्रॉलिकच्या झटक्यांनी पिळवटते. मागची काच तडकणं, दारांच्या फटी कमीजास्त होणं ही त्याची पहिली लक्षणं. म्हणून गाडी उड्या मारणार असेल तर चासीवर ५ ते ६ मिलिमीटर जाडीच्या पोलादी पट्ट्या चढवून ती पुरती मढवावी लागते.

हायड्रॉलिकच्या जन्माला कारण झाला कायदा. गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या तळापेक्षा खाली असता कामा नये, असा नियम कॅलिफोर्नियाने १९५८ पासून लागू केला. स्प्रिंग कापलेली गाडी सरळ दंडाला पात्र ठरू लागली. तेव्हा सॅन बर्नार्डिनोच्या रॉन अगिरे यांनी १९५९च्या सुमारास वडिलांच्या मदतीने विमानाच्या भंगारातले हायड्रॉलिक पंप आपल्या कॉर्व्हेटला लावले. पोलीस दिसला की बटण दाबून गाडी वर, तो गेला की पुन्हा खाली. पुढे सामान मालट्रकच्या मागच्या उचलफळीचं वापरलं गेलं, कारण ते भंगारात मुबलक मिळायचं.

रोज चालवायच्या गाडीत आजही साधारण दोन पंप आणि सहा बॅटऱ्या असतात. १२ व्होल्टच्या सहा एकामागोमाग जोडल्या की ७२ व्होल्ट. पुढच्या पंपाला सगळे ७२ देतात. मागच्याला निम्मे पुरतात, कारण मागे इंजिनाचं वजन नाही. बटण दाबलं की सोलेनॉइड नावाचा विजेचा स्विच वीज जोडतो, मोटर फिरते, गिअरचा पंप टाकीतलं तेल होजमधून सिलिंडरमध्ये ढकलतो आणि दांडा गाडीला वर उचलतो. मधल्या चेक व्हॉल्व्हमुळे तेल परत येत नाही. खाली आणायला मोटर लागत नाही. डंप नावाचा व्हॉल्व्ह उघडला की गाडीचं वजनच तेल टाकीत परत पाठवतं. गाडी धाडकन आदळू नये म्हणून त्या वाटेवर वेग कमी करणारा आणखी एक व्हॉल्व्ह बसवतात.

बिघडतं कुठे? सर्वांत धोक्याची जागा सोलेनॉइड. बॅटऱ्या उतरलेल्या असताना बटण दाबत राहिलं तर संपर्काच्या तांब्यावर ठिणगी राहते आणि तो तिथेच वितळून चिकटतो. मग बटण सोडलं तरी मोटर फिरतच राहते. ती मोटर मुळात १२ व्होल्टची, ७२वर काही सेकंदच टिकणारी. तिची गुंडाळी जळते आणि आग लागते ती इथून. म्हणून एका पंपाला तीन-चार सोलेनॉइड एकापुढे एक जोडतात. एखादं चिकटलं तरी बाकीची वीज तोडतात. त्याहून महत्त्वाचा तो हाताने ओढून काढायचा अर्थिंगचा जोड. तो डिकी उघडताच पहिल्यांदा हाताला लागेल अशा जागी हवा. सामानाच्या मागे लपवलेला जोड काही कामाचा नाही. गाडी उभी करताना तो काढून ठेवायचा, ही सवय पोरांना सगळ्यात आधी लावतात.

चार्जिंग करताना बॅटऱ्यांतून हायड्रोजन निघतो. डिकी बंद ठेवून रात्रभर चार्जिंग केलं आणि सकाळी एखादा सैल जोड ठिणगी पाडून गेला, की स्फोट होतो आणि आम्ल अंगावर उडतं. डिकी उघडी, जोड घट्ट, जोडांवर क्षार साचू द्यायचा नाही. आणि पंपाने उचललेल्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही. होज फुटली तर पावणेदोन टन क्षणात खाली येतात. आधी चासीखाली लोखंडी घोड्या, मग माणूस.

इथे वजनाचा हिशेब पाहा. इंपाला साधारण १६०० किलोची. अशी एक बॅटरी २७ किलोच्या आसपास, म्हणजे सहांचे १६० किलो. पंप, तेल, पोलादी पट्ट्या वेगळ्या. लोरायडरचं ठरलेलं चाक म्हणजे १३ इंची, तारांच्या आऱ्यांचं, त्यावर १५५/८० आर १३चा बारीक टायर. असा टायर ४३७ किलो पेलतो, चार मिळून १७४८. गाडीत माणूस बसण्याआधीच आपण ती मर्यादा ओलांडलेली असते. म्हणून या गाड्या महामार्गावर जपून नेतात, हवा पूर्ण भरतात आणि जुना टायर नक्षी शिल्लक असली तरी काढून टाकतात.

तारांच्या चाकांचा आणखी एक बारकावा. मधल्या एकाच मोठ्या नटावर चाक बसतं. गाडीच्या डाव्या बाजूचे आटे सरळ आणि उजव्या बाजूचे उलटे असतात, म्हणजे चाक फिरताना नट आवळत राहतो. हब अदलाबदल झाले तर तोच नट फिरता फिरता सुटतो. शिशाच्या हातोड्याने ठोकायचा, पहिल्या ३०-४० किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचा.

गाडी पूर्ण उचलली की मागचा अॅक्सल खाली लोंबतो आणि प्रोपेलर शाफ्ट तोकडा पडतो. सरकणारा शाफ्ट लावला नाही तर तो गिअरबॉक्समधून निसटतो किंवा क्रॉस, म्हणजे शाफ्टचा सांधा, अडकून तुटतो. पुढे चाकं आत झुकतात आणि टायरची आतली कड भरभर झिजते. त्यासाठी चाक धरणारे वरचे आर्म कापून साधारण एक इंच लांब करतात. हे वेल्डिंग कच्चं राहिलं तर चाकच निखळतं. म्हणून हे एक काम क्लबमधल्या अनुभवी माणसाच्या हातूनच व्हावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

क्लब हा या सगळ्याचा कणा. ड्यूक्स क्लब १९६२ पासूनचा आहे, इंपीरियल्सही त्याच दशकातला. सभासद व्हायचं तर नियमित सभांना यायचं, वर्गणी भरायची, गाडी तपासून घ्यायची. मग कुठे मागच्या काचेत क्लबची क्रोमची पाटी लावायला मिळते. वागणूक बिघडली तर पाटी परत घेतात. वस्तीत कुणाचं निधन झालं आणि घरात अंत्यविधीला पैसे नसले, तर रविवारी रस्त्याकडेला गाड्या धुऊन पैसा उभा करतात. शाळेच्या पोरांना बादल्या आणि फडकी घेऊन उभं राहावं लागतं ते इथे.

रेडिओवर बोलत असताना रेडिओचा उल्लेख टाळता येणार नाही. या गाड्यांत संगीत वाजतं ते १९५०-६०च्या दशकांतलं संथ, प्रेमाचं. ते पिढ्यान्‌पिढ्या टिकवलं आर्ट लबो या आर्मेनियन वंशाच्या निवेदकाने. आपल्याकडे 'आपली आवड'मध्ये गावांची आणि माणसांची नावं वाचली जायची, तशी त्यांच्या कार्यक्रमात फर्माईश करणाऱ्यांची नावं यायची. फरक इतकाच की तिथे पुष्कळ फोन तुरुंगात असलेल्या माणसांच्या घरून असत. बायको गाणं सांगे, लहान मूल फोनवर बाबांना शुभ रात्री म्हणे, आणि कोठडीत रेडिओ लावून बसलेला बाप ते ऐके. लबो २०२२ मध्ये वयाच्या ९७व्या वर्षी गेले, शेवटपर्यंत कार्यक्रम करत होते.

कायद्याने मात्र या गाड्यांना गुन्हेगारच मानलं. १९७९ मध्ये व्हिटियर बुलेवार्डवरची फेरी, म्हणजे गाड्या सावकाश हाकत त्याच रस्त्यावरून पुन्हा पुन्हा फिरणं, बंद पाडण्यात आली. १९८०च्या दशकात राज्याने शहरांना अशी बंदी घालण्याची मुभा दिली. एकाच चौकातून ठरावीक वेळात पुन्हा गेलात की दंड. बंदीच्या बाजूने वाहतूक, भांडणं, टोळ्या अशी कारणं सांगितली गेली आणि त्यांत काही तथ्य होतंही. पण सरसकट बंदीने ज्यांनी रात्र-रात्र घासून गाडी उभी केली त्या घरांनाच शिक्षा झाली. क्लबांनी वर्षानुवर्षं सभागृहांत जाऊन हे मांडलं. अखेर १ जानेवारी २०२४ पासून कॅलिफोर्नियात शहरांना फेरीवर बंदी घालता येत नाही आणि १९५८चा तो उंचीचा नियमही रद्द झाला.

श्रोत्यांपैकी अनेकांची मुलं, भाचरं कॅलिफोर्नियात असतात. तिकडे जाणं झालं तर एप्रिलच्या उत्तरार्धात सॅन दिएगोच्या चिकानो पार्कचा वार्षिक दिवस गाठा. पुलाच्या खांबांवरची भित्तिचित्रं आणि त्यांच्या सावलीत ओळीने लावलेल्या लोरायडर एकाच जागी पाहायला मिळतात. हा पार्क १९७० मध्ये वस्तीने जागा अडवून मिळवलेला आहे. तिथे गाडीजवळ जाताना पट्ट्याचं बक्कल, पर्स, कॅमेऱ्याचा पट्टा आवरून धरा आणि गाडीला टेकू नका. कँडीवर ओरखडा गेला तर तेवढ्याच जागी रंग मारून जमत नाही, छटा जुळत नाही, पूर्ण भाग धातूच्या थरापासून करावा लागतो. मालकाला विचारा, डिकी दाखवता का. तो हसत उघडेल. तारा कशा वळवल्या आहेत, नळ्यांना क्रोम केलं आहे का, आणि अर्थिंगचा जोड हाताशी आहे का, ते बघा. बहुतेक वेळा मालक बोलायच्या आधी त्याची मुलगी किंवा मुलगाच तुम्हाला कोणता पंप पुढचा आणि कोणता मागचा ते सांगू लागेल.

नमस्कार.